'सनराइज'च्या मराठी पाट्या: अखेर 'बुडाली' बुडाली

तीन आठवडे अडून बसलेली पाटी काल रात्री सुटली. म्हणजे बुडाली.

दिग्दर्शक मुर्नाऊच्या 'सनराइज' (1927) या मूकपटात मधे मधे पडद्यावर वाक्यांच्या पाट्या येतात, त्या मी मराठीत करतोय. बाकी पाट्या मागेच झाल्यात. तशाही त्या थोड्याच, आणि नवरा-बायको शहरात पोचले की आणखी विरळ होतात. गाडी रुतली ती तळ्याकाठी. शहरातली बाई शेतकऱ्याला बायकोचा काटा काढायचं सुचवते, आणि मूळ पाटीवर त्या वाक्याची अक्षरं ओघळत खाली बुडतात.

आधी भाषांतरानंच छळलं. 'ती बुडू शकत नाही का?' हे बायकोला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "का, पट्टीची पोहणारी आहे?" शेवटी 'बुडाली तर?' एवढंच ठेवलं.

मग अक्षरं. रोमन अक्षरं सुटी, एकेक सोडली की झालं. आपली वरच्या रेघेला टांगलेली. पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरनं 'बु'चा उकार आधी बुडवला, 'ब' वरच. 'ली'ची वेलांटी हवेत लोंबकळत. इंकस्केप या फुकट मिळणाऱ्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार करून हातानं तुकडे पाडले, तेव्हा कुठे मात्रा आपापल्या अक्षराला धरून राहिल्या. फुकटचं तेच पौष्टिक! पण आता प्रत्येक अक्षर डोक्यावर रेघेचा तुकडा घेऊन खाली जायला लागलं, फळ्या वाहणाऱ्या हमालांसारखं.

पाटी लांबवून निभावायचीही सोय नाही. मूव्हीटोनचं, म्हणजे फिल्मवरच मुद्रित केलेलं, संगीत चित्राला बांधलेलं, सेकंदाला 24 फ्रेम. वादळानंतर शेतकरी बायकोला हाका मारतो, तिथे आवाजाऐवजी हॉर्न वाजतो. तो ओठांवरून सरकला तर सगळंच मुसळ केरात.

काल रेघ वेगळ्या लेयरवर टाकली आणि ती हलवायचीच विसरलो. प्ले केलं. अक्षरं रेघेपासून सुटून खाली गेली, रेघ वर तशीच. अहो, तळ्याचं पाणीच ते! तिला बारीकशी लाट दिली. 'र' सर्वांत शेवटी गेला. अकरा वेळा पाहिलं.

हे लिहिता लिहिता सुचतंय: मोडीत आधी रेघ ओढून मग खाली अक्षरं लिहायचे. पाटी तशीच उगवली तर? आधी नुसती रेघ, मग तिच्याखाली एकेक अक्षर. पण मग फॉन्ट नको, बोरू आणि शाईच हवी. आणि एकच पाटी हाताची कशी चालेल? सगळ्याच पुन्हा लिहायला हव्यात.

बायकोला अजून सांगितलेलं नाही.