लाकडी लाँगबो जुळवताना: नागपूरच्या हवेतला माझा अनुभव

नागपुरात तिरंदाजी म्हटली की आता ओजस देवतळेचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपल्या या पोराने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले. पण ते कंपाउंड धनुष्य. त्याला चाकं असतात, नेम धरायला साइट असते, बरीचशी जुळवणी स्क्रू फिरवून होते. मी चालवते तो लाकडी लाँगबो, म्हणजे साधं लांब धनुष्य. त्याला ना साइट, ना रेस्ट. बाण धनुष्य धरलेल्या हाताच्या मुठीवर टेकवून सोडायचा. जुळवणी करायची ती दोरीचे पीळ, काचेचा तुकडा आणि बाणाची काठी यांच्या जोरावर. नवी मुलं याबद्दल सारखी विचारतात, म्हणून माझं धनुष्य कसं मार्गी लागलं ते सविस्तर लिहिते.

धनुष्य ६६ इंचांचं आहे, मला तिरंदाजी शिकवणाऱ्या सरांनी घडवलेलं. सर एकेकाळी इंडियन राऊंड खेळायचे, म्हणजे बांबूचं धनुष्य आणि ५० व ३० मीटरचं अंतर. माझ्या धनुष्याचं पोट धामणीचं आहे आणि पाठ मानवेलाच्या बांबूची. धनुष्य ओढलं की पुढची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं. इंग्रजांना हे दोन्ही गुण यू नावाच्या एकाच झाडात मिळाले: बाहेरचं फिकट लाकूड ताण सोसतं, आतला गाभा दाब सोसतो. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या जहाजाच्या उत्खननात १३७ अखंड लाँगबो निघाले, ते यूचेच. विदर्भात यू नाही. पण कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि कावडीला पिढ्यान् पिढ्या वापरली गेलेली लवचिक धामण आहे, आणि ताण सोसण्यात बांबूच्या सालीची बरोबरी करणारं लाकूड मला तरी माहीत नाही. म्हणून ही जोडी.

सरांनी धनुष्य दोरी चढेल इथपर्यंत आणून माझ्या हाती दिलं आणि शेवटचं टिलरिंग माझ्याकडून करून घेतलं. टिलरिंग म्हणजे वरचं आणि खालचं पातं (मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग) सारखं, एका गोलाईत वाकतंय ना हे बघत पोटाकडून लाकूड उतरवत जाणं. पाठीला हात लावायचा नाही, बांबूच्या सालीवर ओरखडासुद्धा नको. एक धागा तुटला की तिथूनच धनुष्य उकलतं. भिंतीवरच्या खुंटीला मूठ अडकवून दोरी खाली ओढायची आणि लांब उभं राहून बघायचं. माझ्या खालच्या पात्यात मुठीपासून वीतभर अंतरावर एक जागा वाकतच नव्हती. शेजारचा भाग तिच्या वाटचं काम करत होता आणि थकत होता. ताठ जागेवर पेन्सिलने खुणा केल्या, तुटलेल्या काचेची सरळ कड तिरपी धरली आणि ओढली. धामणीचा भुगा होत नाही, कांद्याच्या सालीइतका पातळ पापुद्रा सुटतो. चार-पाच पापुद्रे काढायचे, मग धनुष्य वीस-तीस वेळा अर्धवट ओढायचं, मगच पुन्हा बघायचं. हे मधलं ओढणं फार महत्त्वाचं, कारण लाकूड कमी केल्याचं वाकण्यात लगेच दिसत नाही. ते टाळलं की हात पुढे जातो आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

शेवटी दोरी चढवून दोन्ही पात्यांच्या बुडाशी दोरीपर्यंतचं अंतर मोजलं. वरचं खालच्यापेक्षा ४ मिलिमीटर जास्त ठेवलं. मी एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली धरते, मूठ धनुष्याच्या मध्याच्या किंचित खाली येते, त्यामुळे खालचं पातं जरा ताठ असावं लागतं. तिन्ही बोटं बाणाखाली धरणाऱ्यांनी दोन्ही अंतरं जवळजवळ सारखी ठेवावीत.

आता पौंडांचं, म्हणजे धनुष्य ओढायला लागणाऱ्या जोराचं. धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो. माझी ओढ २६ इंच. सिलिंडर तोलायला वापरतात तो लटकवायचा डिजिटल काटा दोरीला अडकवून २६ इंचांपर्यंत ओढलं, तर १४ किलो भरले, म्हणजे ३१ पौंड. धनुष्यावर लिहिलेत ३५. पुढचा सगळा हिशोब या ३१ वर करायचा, आणि माझ्या मते बहुतेकांची गाडी अडते ती इथेच.

दोरी डॅक्रॉन या थोड्या ताणणाऱ्या धाग्याची. नव्या न ताणणाऱ्या धाग्यांची दोरी लाकडी टोकांना झेपत नाही, धक्का सगळा खाचेत बसतो. मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर साडेसहा इंचांवर आणलं. दोरीला पीळ दिले की अंतर वाढतं, उलगडले की कमी होतं. साडेपाचला दोरी मनगटाच्या आर्मगार्डवर फटके मारत होती, सातच्या पुढे बाण मंदावला. कानाने ऐकायचं. ठण्ण असा आवाज जाऊन दबका ‘ठक्’ आला की थांबायचं. नॉकची, म्हणजे दोरीवर बाण अडकवायची, जागा सुताराच्या गुण्याने काटकोन धरून त्याच्या वर १२ मिलिमीटरवर बांधली. मुठीवरून बाण जाताना पिसाचं पुढचं टोक कातडी कापतं, म्हणून टोकावर धागा गुंडाळून वर डिंकाचा हात द्यायचा आणि धनुष्याच्या हातात पातळ मोजा घालायचा.

एवढं करूनही बाण डावीकडेच जात होते. आम्ही काटोल रोडवर एका नातेवाइकांच्या संत्र्याच्या बागेत, धुऱ्याच्या मातीपुढे तणसाने ठासलेली पोती लावून सराव करतो. बारा मीटरवरून सगळे बाण मध्यापासून हातभर डावीकडे, पण एकमेकांना चिकटून. मी मुठीला पुन्हा कानस लावायच्या बेतात होते. सर म्हणाले, “ताई, धनुष्याले काऊन दोष देऊन राहिल्या? आधी बाण तर पाहा ना.”

बाण सरळ दिसतो, पण सुटताना तो सरळ नसतो. माझ्या धनुष्यात मूठ मध्ये येते, बाण तिच्या डाव्या अंगाला टेकतो आणि दोरी मात्र मध्यरेषेवर परतते. दोरीचा धक्का बसताच काठी वाकते, मुठीला वळसा घालते, उलट वाकते आणि मग सरळ वाटेला लागते. काठी फार ताठ असेल तर वळसा पुरा होत नाही, आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार लवचिक असेल तर उजवीकडे. या ताठपणाला स्पाइन म्हणतात, आणि तो घरी मोजता येतो.

एका फळीवर २६ इंच अंतराने दोन खिळे ठोकले, त्यांवर काठी आडवी ठेवली, बरोबर मध्यावर २ पौंडांचं, म्हणजे ९०७ ग्रॅमचं वजन टांगलं आणि काठी किती खाली वाकते ते मोजलं. २६ ला इंचांतल्या त्या वाकण्याने भागलं की स्पाइन. मिलिमीटरमध्ये मोजत असाल तर ६६० ला भागा. तयार घेतलेले माझे बाण १४ मिलिमीटर वाकत होते, म्हणजे ४७ पौंड. मला हवे होते ३० च्या आसपास, २२ मिलिमीटर वाकणारे. डावीकडे जाण्याचं कारण फळीवर समोर दिसत होतं.

मग मानवेलाच्या बारीक, जवळजवळ भरीव काठ्या आणल्या. बांबूचा बाण करण्यात मला धनुष्यापेक्षाही जास्त गोडी लागली. प्रत्येक काठीला गाठीपाशी बाक असतो. गॅसच्या मंद आचेवर गाठ फिरवत फिरवत तापवायची, हाताला सोसवेल इतपत गरम झाली की अंगठ्याने दाबून सरळ करायची आणि गार होईपर्यंत तशीच धरायची. साल काळी पडू द्यायची नाही. दोरीची खाच अशी कापायची की एक गाठ तिच्या लगेच पुढे येईल, नाहीतर दोरीच्या धक्क्याने बाण चिरतो. खाचेखाली धाग्याचा वेढा तरीही हवाच. मग फळीवर वाकवून बघायचं आणि पॉलिश पेपरने घासत २२ पर्यंत आणायचं. काठी चारही बाजूंनी सारखी वाकत नाही, त्यामुळे सर्वांत ताठ बाजू शोधून ती मुठीकडे येईल अशी खाच फिरवायची. पिसं टर्कीची, तीनही एकाच बाजूच्या पंखाची. प्लॅस्टिकची पिसं इथे चालत नाहीत, मुठीला आपटतात.

वजनही जुळायला हवं. धनुष्याच्या प्रत्येक पौंडामागे बाण साधारण १० ग्रेनचा असावा. माझ्यासाठी ३१० ग्रेन, म्हणजे २० ग्रॅम. फार हलका बाण लाकडी धनुष्यासाठी वाईट, कारण न वापरलेली ताकद परत पात्यांमध्येच जाते, आणि बाणाशिवाय दोरी सोडण्याच्या धोक्याकडे आपण सरकत जातो. इतवारीतून सोनारांचा छोटा काटा आणला, आणि एका संचातले बाण एकमेकांपासून एक ग्रॅमच्या आत ठेवले.

खरी परीक्षा बिनपिसाच्या बाणाची. पिसं चुका झाकतात. म्हणून दोन-तीन बाण पिसांशिवाय ठेवायचे, पिसांइतक्या वजनाची चिकटपट्टी मागे गुंडाळायची, आणि आठ-दहा मीटरवरून पिसांच्या बाणांबरोबर सोडायचे. जास्त लांबून नको, तिरपा घुसलेला बाण मोडतो. बिनपिसाचा बाण पिसांच्या डावीकडे लागला तर काठी ताठ, उजवीकडे लागला तर लवचिक. मी काठ्या मुद्दाम ३० इंच ठेवल्या होत्या, त्यामुळे सुरुवातीला ते उजवीकडे गेले. टोकाकडून पाव-पाव इंच कापत गेले, कारण काठी आखूड झाली की ताठ होते. २९ इंचांच्या जरा खाली बिनपिसाचा आणि पिसांचा बाण एकाच पोत्यावर, बोटभर अंतरात लागले. त्या दिवशी सर काही बोलले नाहीत, नुसता बाण उपटून हातात दिला, आणि मला त्यात सगळं मिळालं.

आता आपल्या हवेबद्दल, कारण परदेशी सल्ला इथे अपुरा पडतो. लाकडी धनुष्यात ८ ते १० टक्के ओलावा असला की ते खुशीत असतं. नागपूरचा मे महिना, त्यातही नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लाकूड पार सुकवतो. पारा ४५ च्या वर आणि हवेत दमट असं काही नाही. अशा वेळी पूर्ण ओढलेलं सुकं धनुष्य फुटू शकतं. माझं धनुष्य मेमध्ये वाळ्याच्या कूलरच्या खोलीत, कूलरच्या झोतापासून लांब, आडवं टांगलेलं असतं. गाडीच्या डिकीत ते पाच मिनिटंही ठेवत नाही. सराव सकाळी साडेसातच्या आत उरकते आणि पहिले काही बाण अर्ध्या ओढीवर. पावसाळ्यात उलटं. लाकूड पाणी पितं, धनुष्य मऊ पडतं, दोरी उतरवल्यावरही बाक राहतो. तेल-वार्निशने हे लांबतं, थांबत नाही.

ओलावा कळायला मी धनुष्य स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते. दोरी काढलेलं माझं धनुष्य एप्रिलमध्ये ५४८ ग्रॅम होतं, जुलैअखेर ५७१. वाढलेलं सगळं पाणी. त्याच दिवशी लटकत्या काट्यावर २६ इंचांना ३१ ऐवजी २९ पौंड भरले आणि एप्रिलचे बाण पुन्हा जरा डावीकडे सरकले. धनुष्याला काच लावली नाही. २४ मिलिमीटर वाकणाऱ्या काठ्यांचा दुसरा संच पावसाळ्यासाठी केला आहे, शेपटाला लाल धागा बांधून वेगळा ओळखता येईल असा. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली आणि वजन पुन्हा ५५० च्या आसपास आलं की पहिला संच काढायचा, आणि त्याआधी टिलर, म्हणजे दोन्ही पात्यांच्या बुडाशी दोरीपर्यंतच्या अंतरांतला फरक, एकदा परत मोजायचा.