त्या वर्षी मंडळाने काही केलं नाही, असं लिहू नका

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेचा कच्चा मजकूर गेल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आला. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या इतिहासाच्या शिक्षक-प्राध्यापकांचं हे मंडळ. हनोव्हरजवळ येऊन राहिलो तरी मी वर्गणी कधी चुकवलेली नाही. मजकुरात वर्षवार आढावा आहे. 2019 मध्ये अधिवेशन, चर्चासत्रं, खान्देशच्या फारुकी सुलतानांच्या थाळनेरची अभ्याससहल. 2021 मध्ये ऑनलाइन व्याख्यानमाला. आणि मधल्या 2020 समोर एकच ओळ: ‘कोविडमुळे कार्यक्रम झाले नाहीत.’ वाचून राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

इथल्या गावातही एक जुनं इतिहास मंडळ आहे आणि मी त्याचा सभासद आहे. जर्मनीत अशी संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. आपल्या 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यातही सातच. साम्य बहुतेक तिथेच संपतं. मार्च 2020 मध्ये इथे निर्बंध आले. घरच्यांशिवाय एकाच माणसाबरोबर बाहेर थांबायची परवानगी होती. पण त्याच महिन्याच्या 27 तारखेला एक कायदाही झाला. संस्थेच्या घटनेत तरतूद नसली तरी सभा ऑनलाइन घेता येईल. पदाधिकाऱ्यांची मुदत संपली तरी नवे निवडून येईपर्यंत जुने काम पाहतील. सभा न भरवता सगळ्या सभासदांची लेखी मतं मागवायची, ठरलेल्या मुदतीत निम्म्यांनी मत दिलं की ठराव करता येईल. दवाखाने भरत होते, कारखाने बंद होते, आणि तरी कुणाला तरी गावोगावच्या गायन मंडळांची, नेमबाजी क्लबांची, आमच्यासारख्या इतिहासवाल्यांची आठवण राहिली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. 9 एप्रिलला अर्थखात्याचं पत्रक निघालं: धर्मादाय संस्थांनी, घटनेत तो उद्देश नसला तरी, हातातला मोकळा निधी कोरोनाची झळ बसलेल्यांसाठी वापरला तर हरकत नाही. आधी मुभा, मग खर्च.

आमच्या इथल्या मंडळाने हे सगळं शिस्तीत पार पाडलं. टपालाने पत्र आलं, सोबत मतपत्रिका आणि तिकीट लावलेला परतीचा लिफाफा. नंतर इतिवृत्त आलं. गावाच्या तटबंदीवरचं व्याख्यान पुढे ढकललं, ग्रंथपाल ठरलेल्या वारी वाचकांच्या फोनला उत्तर देतील, अमुक ठरावावर इतके तटस्थ. पन्नास वर्षांनी कुणी 2020 शोधायला बसला तर त्याला सगळं सापडेल.

पण त्या वर्षभरात या मंडळातून मला एकही फोन आला नाही. मी एकटा राहत होतो, हे त्यांना माहीत होतं. न विचारता फोन न करणं ही इथे समोरच्याची कदर असते, हे मला कळतं. तरीही खुपलं. आपल्याकडून मात्र दर संध्याकाळी कुणीतरी असायचंच, “कसा शेस भाऊ? जेवन व्हयनं का?” तुमच्याकडे रात्रीची जेवणं आटोपलेली असायची आणि माझ्याकडे उन्हाळ्याचं लख्ख ऊन. त्या मे-जूनमध्ये जळगावचा मृत्युदर देशाच्या सरासरीच्या कितीतरी वर होता, म्हणजे काळजी मी तुमची करायची, तर तुम्हीच माझी विचारपूस करत होतात.

आणि म्हणे कार्यक्रम झाले नाहीत. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचं काय झालं होतं ते आठवा. महाविद्यालयं बंद म्हणून तास नाहीत आणि तास नाहीत म्हणून मानधन नाही. सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, पास झालेला आपला एक सभासद रावेरला ट्रकवर केळीचे घड चढवायला जात होता. डिसेंबरच्या अधिवेशनाचा निधी तेव्हा बँकेत पडून होता. बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि पुऱ्या ज्यातून व्हायच्या, तोच निधी. आप्पा आपले खजिनदार. त्यांनी त्या त्या गावच्या किराणा दुकानदाराला स्वतः फोन केला, अमुक सरांच्या घरी सामान पोचवा, पैसे माझ्याकडून घ्या. पीठ, तूरडाळ, तेलाचा डबा, आणि मुलांच्या शाळेसाठी मोबाइलचं रिचार्ज. मंडळाचं नाव कुठेच सांगायचं नाही, ही त्यांची अट होती. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून. माझा वाटा मी आत्तेभावाच्या खात्यातून दिला.

जुलैत शिरपूरचे नाना गेले. अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती, म्हणून शोकसभा फोनवरच भरली. सगळे बोलून झाल्यावर काकूंनी विचारलं, “यांच्या कागदांचं काय करू?” बुटांची खोकी भरून टिपणं होती. मोडी कागदांतून काढलेल्या पश्चिम खान्देशातल्या आठवडे बाजारांच्या नोंदी. नाना जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांची कार्डं करत. एका बाजूला बाजाराचा वार, कुठल्या मालावर किती जकात, कागद कुणाच्या घरचा, आणि उलट बाजूला अर्धवट कापलेलं ‘आमचे येथे श्री कृपेकरून’. पुतण्याने एकेका कार्डाचे फोटो काढले. मोडी वाचणाऱ्यांनी शंका सोडवल्या, बाकीच्यांनी टाइप करायला गठ्ठे वाटून घेतले. धडगावच्या ताईंना घाटातल्या एका वळणावरच रेंज मिळायची. त्या गाडी लावून तिथे फोटो उतरवून घेत, घरी जाऊन टाइप करत आणि दुसऱ्या दिवशी त्याच वळणावरून पाठवत. माझा गठ्ठा मी इथे रात्री बसून पुरा केला. दिवाळीच्या आत सगळं काम काकूंच्या हातात होतं. एवढं सलग आणि सगळ्यांनी मिळून केलेलं काम मंडळाच्या कुठल्या अधिवेशनात झालेलं मला तरी आठवत नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात वारले आणि जानेवारी 1927 मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभंही राहिलं. ते मंडळ ज्या मुलखात आहे, त्या मुलखातले इतिहासाचे शिक्षक आपण. आणि आपल्याच केलेल्या कामासमोर आपण शून्य मांडतो?

सचिव दादांना फोन केला. त्यांचं म्हणणं, “ठराव न करता खर्च झाला, लिहिलं की लेखापरीक्षणात विचारतील. धर्मादाय कार्यालयात खेटे कोण घालणार?” भीती खोटी नाही. आपल्याला कुणी आधी मुभा दिली नव्हती, आणि उपाशी माणसासमोर सभेची नोटीस काढून कोरम मोजत बसणं आपल्याला जमलं नसतं, याचा मला अभिमानच आहे. इथल्या लोकांनी कायदा होता म्हणून नीट केलं. आपण कायदा नसताना केलं, हे मी कुणापुढेही म्हणेन. पण पुढच्या वर्षी सभासदांनी वर्गणी काढून तो निधी पै न् पै भरून दिला. मग लपवायचं काय? जे लपवतो ते चुकीचं होतं, असंच वाचणारा धरून चालतो.

लांब बसून सल्ले देणं सोपं, असं ग्रुपवर एकाने सुनावलं. मी लांब होतो हे खरं. मार्च संपायच्या आत विमानं बंद झाली होती. पण किराण्यात आणि कार्डांत माझा हात होता, तेव्हा बोलायचा हक्क मला आहे, आणि आप्पांच्या वतीनेही आहे, कारण ते स्वतः कधी बोलणार नाहीत.

म्हणून 2020 ची नोंद मी लिहून दादांना पाठवली आहे: ‘वार्षिक अधिवेशन झाले नाही. अधिवेशनाच्या निधीतून तासिका तत्त्वावरील सभासदांना किराणा पुरवण्यात आला. हा निधी सभासदांनी पुढील वर्षी भरून दिला. दिवंगत ज्येष्ठ सभासदाच्या आठवडे बाजारांवरील टिपणांचे टंकलेखन सर्व सभासदांनी मिळून पूर्ण केले.’ नावं नकोत, आकडे नकोत, आप्पांची अट पाळलेली आहे. स्मरणिका छपाईला जायच्या आत दादांना एकेक फोन करा. आणि त्या वर्षीच्या ग्रुपमधले ऑडिओ, कार्डांचे फोटो कुणाच्या जुन्या मोबाइलमध्ये राहिले असतील तर पुसू नका, मला पाठवा.