वेखंड आणि अंजनी : ऐरोलीच्या गच्चीवरचे पंधरा महिने

आज सकाळी वेखंडाच्या टबातले कोंब मोजले, चौदा भरले. मागच्या वर्षी जूनमध्ये गड्ड्याचे बोटाएवढे तीन तुकडे लावले होते. अंजनीचं, म्हणजे डोंगरातल्या एका झाडाचं, रोप तेव्हा नऊ इंचांचं होतं ते आज सव्वातेरा इंच आहे, म्हणजे पंधरा महिन्यांत सव्वाचार इंच, आणि तरीही मी खूश आहे, का ते सांगते.

आधी जागा कशी आहे ते. आमचं रो हाऊस आहे नवी मुंबईत, ऐरोलीला, खाडीपासून फार लांब नाही. खाली पुढच्या बाजूला दोन चटयांएवढी माती, तिथे जुलैत घोट्याएवढं पाणी साचतं आणि चार-चार दिवस हटत नाही. वर गच्ची, तिथे पश्चिमेचं ऊन, वारा, आणि पावसाचं पाणी पाच मिनिटांत पाइपातून खाली. माझं डोकं असं चाललं की खाली पाणी साचतं तर तिथे पाणथळीतलं काहीतरी लावू आणि डोंगरातलं झाड इथल्या उकाड्यात जगणार नाही पण हौस म्हणून गच्चीवर एक ठेवून बघू. झालं अगदी उलटं.

वेखंड निवडलं ते सासूबाईंमुळे. माझ्या दोन्ही मुलांना बाळगुटीत वेखंड उगाळून देणं, न्हाऊ घातल्यावर वेखंडाची पूड लावणं हे सगळं त्यांनी केलं, कपड्यांच्या ट्रंकेतही त्यांचे वेखंडाचे तुकडे असायचे, पण जिवंत झाड त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. मला ते पाहायचं होतं. (पोटात घेण्याबद्दल मात्र वैद्यांना विचारल्याशिवाय काही करू नका. त्यात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं आणि त्यामुळेच अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत वेखंड वापरायला बंदी आहे. आता माझं नातवंड आलं तर मी गुटीत नाही घालणार.)

पहिले दोन तुकडे खालच्या मातीत लावले, एक गच्चीवर बिनभोकाच्या टबात. मातीतल्या दोघांना कोंब फुटले, हातभर पानं आली, आणि ऑक्टोबरात पाणी आटलं तशी पानांची टोकं जळायला लागली. मला वाटलं तहान असेल म्हणून रोज दोन बादल्या ओतत होते तरी फरक नाही. मग लक्षात आलं की ही जमीनच खाडीच्या काठची भरावाची आहे, पाऊस थांबला की मातीवर पांढरट मीठ फुलतं. वेखंड पाणथळीतलं खरं पण गोड्या पाण्याच्या पाणथळीतलं! आपल्याकडे खाडीत उभी असते ती तिवर, ती पानांतून मीठ बाहेर टाकते, पान चाटून बघा खारट लागतं. वेखंडाकडे तशी सोय नाही. ‘दलदलीतलं झाड’ एवढंच वाचून मी दोन्ही दलदली एकच धरल्या होत्या. दोन्ही गड्डे उपटले, धुतले आणि वरच्या टबात नेले, तीन आठवड्यांत नवीन हिरवं पान.

टबाचं गणित सोपं आहे. काळी चिकट माती सहा इंच, वर बोटभर वाळू म्हणजे पाणी गढूळ होत नाही, गड्डा आडवा ठेवायचा आणि अर्धाच पुरायचा, वर दोन-तीन इंच पाणी. मातीत हवा नसली तरी त्याचं अडत नाही कारण पानांत आणि गड्ड्यात आतून पोकळ्या असतात, वरची हवा त्यातून मुळापर्यंत जाते. पान आडवं कापून भिंगातून बघा, स्पंजसारखं दिसतं. डासांसाठी चार गप्पी मासे सोडलेत, आता किती झालेत ते मोजता येत नाही. सोसायटीचे काका आधी रागावले होते की साठवलेलं पाणी कशाला, त्यांना टॉर्चने मासे दाखवले तेव्हा स्वतःच्या बाल्कनीसाठी सहा मासे घेऊन गेले.

त्रास एप्रिल-मे मध्ये. गच्चीवर टबातलं पाणी दुपारी हात घालवत नाही इतकं तापतं, पानं वरून पिवळी, आणि पाणी रोज दोन इंच उडतं. शेवटी टब खाली आणला, धुणं वाळत घालायच्या दोरीखाली जिथे सकाळचंच ऊन येतं, तिथे सावरलं. म्हणजे वेखंडाला गच्ची नकोच. पूर्वेची बाल्कनी, बिनभोकाचा टब आणि खाडा न करता पाणी.

आता अंजनी. माथेरानला किंवा महाबळेश्वरला उन्हाळ्यात गेला असाल तर पाहिलीच असेल, फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके, जणू फांदीलाच निळं पीस फुटलंय, आणि बाकी वर्षभर गडद हिरवी जाड चकाकती पानं. शास्त्रीय नाव मेमेसिलॉन अम्बेलाटम. हे नाव पाठ करा, कारण माझी फसगत नावानेच झाली. एका नर्सरीत ‘अंजन’ म्हणून पिशवी दिली, मी आनंदात घेऊन आले आणि घरी बघते तर पान जोडीचं, आपट्याच्या पानासारखं पण मधोमध पार चिरलेलं. तो खानदेशातला अंजन, हार्डविकिया बायनाटा, कोरड्या रानातला मोठा वृक्ष. झाड फार सुंदर, पण कुंडीत त्याच्या सोटमुळावर अन्याय होतो, म्हणून तो मावसभावाच्या चाळीसगावच्या शेतावर पाठवला, तिथे मजेत आहे. अंजनीचं पान एकेकटं अख्खं असतं आणि फांदीवर समोरासमोर येतं, घेताना एवढं बघा. जंगलातून रोप उपटून आणू नका प्लीज, कर्जतच्या बाजूला देशी झाडांच्या नर्सऱ्या आहेत तिथे मिळतं, मला तिथेच मिळालं.

मला भीती होती उकाड्याची. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर आणि आपण खाडीच्या पातळीला. पण मग वाचनात आलं की हीच अंजनी पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यालगतच्या सुक्या सदाहरित जंगलांत भरपूर आहे, आणि उलट वेखंड हिमालयात दीड-दोन हजार मीटरवरच्या दलदलीतही असतं. उंचीवरून झाड निवडायचं हा माझा हिशेबच तिथे मोडला. मुळांपाशी काय चाललंय ते बघायचं. महाबळेश्वरच्या पठारावर चार महिन्यांत पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभ्या दगडावरच्या वीतभर मातीतून तो वाहून जातो आणि पुढचे आठ महिने वारा, ऊन, कोरडं. जुलैत धो धो, नोव्हेंबरनंतर खडखडीत, खाली स्लॅब, वर वीतभर माती. माझी गच्ची वेगळी काय आहे!

म्हणून मिश्रण तसंच केलं. जांभ्याची भरड दोन भाग (घराचं काम चालू होतं तिथून चिऱ्याचे तुकडे मागून आणले आणि हातोड्याने फोडले, दोन रविवार गेले), पालापाचोळ्याचं खत एक भाग, लाल माती एक भाग. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नाही, पावसात ते पाणी गच्च धरून बसतं. बारा इंची ग्रो बॅग, खाली विटांवर ठेवलेली. पाऊसभर उघड्यावर होती, एकदाही मूळ कुजलं नाही, वाऱ्याने जास्वंदीच्या पानांच्या चिंध्या झाल्या तेव्हा हिचं एक पान फाटलं नाही. मे महिन्यात दोन दिवसांआड एक लिटर पाणी, बस. मधे आम्ही नऊ दिवस सावंतवाडीला होतो, शेजारच्या ताई पाणी घालायला विसरल्या, आल्यावर मी धावत वर गेले तर पानं जरा मलूल, एवढंच.

एकदाच पिवळी पडली. गच्चीच्या कठड्याला नवीन प्लास्टर केलं होतं आणि तिथून ओघळणारं पाणी थेट बॅगेत जात होतं. मला वाटतं सिमेंटचा चुना, कारण जांभ्याची माती आंबट आणि हिला तीच मानवते. बॅग सरकवली, वरची माती बदलली, दोन महिन्यांत नवीन पानं हिरवी. अंड्याची टरफलं सगळ्या कुंड्यांत टाकायची सवय असेल तर ही कुंडी वगळा.

वाढ मात्र हळू, खूपच हळू. लाकूड इतकं टणक की वर्षाला तीन-चार इंचच मिळणार हे धरून चालायचं. ज्यांना दोन वर्षांत सावली हवी त्यांनी घेऊ नये. पण ज्यांची गच्ची लहान आहे, दर सहा महिन्यांनी छाटणी नको आहे आणि कुंडीत वर्षानुवर्षं राहणारं सदाहरित देशी झाड हवंय त्यांना मी हिच्याइतकं दुसरं काही सुचवणार नाही. फुलं अजून नाहीत, लवकर येतील अशी अपेक्षाही नाही. माझी बोन्साय करणारी मैत्रीण रोज मागतेय, मी दिलेली नाही.

वेखंडाला फूल आलं नाही तरी फार बिघडत नाही, आलं तरी ते पानासारख्याच दांड्याच्या कडेला तिरकं निघालेलं छोटं हिरवट कणीस. त्याचं सुख वासात आहे. येता-जाता पान चुरगळायचं. नर्सरीत घेतानाही तेच करा, तलवारीसारखी पानं बऱ्याच शोभेच्या झाडांना असतात, चुरगळून तो उग्र गोडसर वास आला आणि पानाची मधली शीर उठलेली व एका बाजूला सरकलेली लागली तरच वेखंड.

खालच्या खाऱ्या तुकड्याचं अजून ठरत नाहीये. सध्या तिथे समुद्रफळाचं एक रोप लावलंय, खाडीच्या काठाची सवय असलेलं, या पावसात तीन आठवडे पाण्यात उभं होतं आणि शेंड्याला नवीन पानं आहेत. ऑक्टोबरात मीठ वर आलं की बघते. चौदा कोंबांपैकी पाच दिवाळीनंतर वेगळे करणार आहे, ठाणे-नवी मुंबईत कुणाला हवे असतील तर टब आधी तयार ठेवा, गड्डा कोरडा पडू द्यायचा नाही. पहिला सासूबाईंसाठी बाजूला ठेवलाय.