चार नवे, दोन जुने: पंप-नोझलचा माझा अनुभव

माझ्या टाटा १६१३ ट्रकला ६९७ इंजिन आहे. ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), म्हणून ६९७. मूळचं बिनटर्बोचं. ते मी टर्बोचं करून घेतलं, पिस्टनही टर्बोचेच टाकले. हेडचं काम, फिटिंग, आरटीओतली नोंद, सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते डिझेल पंपाचं, म्हणजे सिलिंडरांना दाबानं डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं. ऐन उसाच्या हंगामात माझे २३ दिवस त्यात गेले आणि तो राग अजून उतरलेला नाही.

टर्बो हवा जास्त भरतो, पण तेवढ्या हवेला पुरेल इतकं डिझेल आलं नाही तर ताकद वाढत नाही. म्हणून पंपात जास्त माप देणारे एलिमेंट (प्रत्येक सिलिंडरचं डिझेल मोजून दाबणारा दट्ट्या आणि त्याची नळी), पंपावर बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबावर चालणारा डायफ्रॅम आणि टर्बोच्या मापाचे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारे), हे तिन्ही एकदमच करावं लागतं. डायफ्रॅमचे पैसे वाचवू नका. टर्बोचं प्रेशर तयार होईपर्यंत तो डिझेल रोखून धरतो. तो नसेल तर भरलेली गाडी पहिल्या गिअरला उचलताना मागे काळाकुट्ट धूर सुटतो.

पंप उतरवून दुकानात दिला. नाव लिहीत नाही. मालक म्हणाले, चार दिवस. पाचव्या दिवशी गेलो तर पंप कोपऱ्यात तसाच, वर गोणपाट टाकलेलं. "बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) नंबर लागलाय, दोन दिवस थांबा." थांबलो. मग एलिमेंट यायचे होते, मग बेंच चालवणारा पोरगा गावाला गेला होता. शेतात टोळी ऊस तोडून बसलेली, मुकादमाचे दिवसाला चार फोन. दुसऱ्याची गाडी भाड्यानं लावून मी खेपा ओढल्या आणि त्यात पदरचे पैसे घातले.

दहाव्या दिवशी पंप मिळाला. बसवला, टायमिंग केलं, गाडी सुरू झाली. पण रेसिंग सोडलं की इंजिन थडथडायचं आणि लोडवर धूर. दुकानात सांगितलं तर उत्तर तयार: नोझल खराब आहेत. नोझलवाल्याकडे गेलो. त्यानं माझ्यासमोर सहाही नोझल हातपंपाच्या टेस्टरवर लावले. दाब बरोबर, फवारा धुक्यासारखा बारीक, टोकाला थेंब नाही. तो म्हणाला, पंप बघा. पंपवाले पुन्हा म्हणाले, नोझल बघा. पंप दोनदा उतरवला, दोनदा चढवला. मी रीडिंगचं कार्ड मागितलं, म्हणजे कुठल्या आरपीएमला कुठल्या सिलिंडरला किती डिझेल पडतं त्याचा कागद. मालक म्हणाले, "कार्ड घेऊन तुम्ही काय करणार? तुम्हाला त्यातलं काय कळतंय?" वडिलांच्या वेळेपासून आमच्या दारात गाडी आहे. ते वाक्य मला फार लागलं.

मग आमच्या मिस्त्रींनी एक साधी गोष्ट केली. गाडी चालू ठेवून एकेका नोझलचा पाईप नट जरा सैल केला. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन दबतं, आवाज बदलतो. दोन आणि पाच नंबरला काहीच फरक पडला नाही. मग एक आणि दोनचे नोझल आपसात बदलले. नोझलचा दोष असता तर तो एक नंबरवर सरकला असता. दोष दोनवरच राहिला. नट सैल करताना हात लांब ठेवा आणि नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीच नेऊ नका. तो दाब कातडी भेदून डिझेल आत घालतो आणि बाहेरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो. तसं झालं तर घरी न बसता थेट दवाखाना गाठा.

हे सांगूनही दुकान ऐकेना. शेवटी पंप उचलून सांगलीला एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेला. चाचांनी मला स्टूल दिलं आणि बेंचसमोर बसवलं. सहा काचेच्या नळ्या, प्रत्येकीत एकेका सिलिंडरचं तेल. चार नळ्या सारख्या भरल्या, दोन आणि पाचची पातळी बोटभर खाली. चाचांनी पंप उघडला. चार एलिमेंट नवे होते, दोन जुने, घासलेले. आधीच्या दुकानानं दोन बदललेच नव्हते. कमी पडणारी ताकद भरून काढायला त्यांनी एकूण माप वाढवलं होतं, त्यामुळे बाकीच्या चारांत डिझेल जादा होऊन धूर येत होता.

बिल सहाचं होतं. जुने पार्ट त्यांनी कागदात गुंडाळून दिले होते, ते मी घरी येऊन सोडले. चारच निघाले. परत घेतानाच मोजायला हवे होते.

चाचांनी दोन एलिमेंट घातले, सहाही नळ्या एका पातळीवर आणल्या आणि न मागता कार्ड लिहून हातात दिलं. सकाळी गेलो, संध्याकाळी पंप घेऊन परत.

आता आठवतंय तसं सांगतो. नोझल काढण्याआधी भोवतालची घाण साफ करा, जुना तांब्याचा वायसर पुन्हा घालू नका. उघड्या पाईपांना टोप्या लावा, चिंधी कोंबू नका, तिचे धागे नोझलमध्ये जातात. माप वाढवलं की फिडर पंपही (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा) तपासा. माझा जुनाच ठेवला होता, त्याचा दाब लोडवर पडायचा, तो नंतर बदलावा लागला. आणि टर्बोच्या आधी एक्झॉस्टच्या गरमीचं मीटर बसवा. मी काटा ७०० अंशांच्या वर जाऊ देत नाही, तिथे पोचायच्या आतच गिअर खाली घेतो.

हंगाम संपल्यावर चिपळूणहून जांभा दगड भरून कुंभार्ली घाट चढलो. आधी जिथे दुसऱ्या गिअरला यावं लागायचं तिथे गाडी तिसऱ्यावर गेली आणि आरशात धूर दिसला नाही. हेळवाकला थांबलो तेव्हा बोनेट उघडून सहाही पाईपांना हात लावून बघितलं, सगळ्यांना ठोका सारखा होता. त्या दोन एलिमेंटचे पैसे मात्र अजून मिळालेले नाहीत. बिल आणि ते चार जुने एलिमेंट मी जपून ठेवलेत, दर महिन्याला दुकानात जाऊन मागतो.