आठ मीटर मांजरपाट

शनिवार, १२ एप्रिल

समोरचा गुलमोहर गेल्या पावसाळ्यात पडला तेव्हा नुसतीच हळहळ वाटली होती. तो आमच्यासाठी काय करत होता ते आता चैत्रात कळतंय. दुपारी तीन वाजले की ऊन थेट सासूबाईंच्या पलंगावर. त्या उशी पायथ्याला नेतात, चार वाजता पुन्हा डोक्याला आणतात. हॉलमध्ये अण्णा, म्हणजे माझे सासरे, पेपर वाचत नाहीत, डोक्यावर धरून बसतात. खिडक्यांना पडदे आहेत, नाही असं नाही, पण ते नेटचे. डास अडतात, ऊन नाही.

आज पडद्यांच्या दुकानात जाऊन आले. दोन खिडक्या, अस्तर, रॉड, शिलाई सगळं धरून नऊ हजार दोनशे. काउंटरवरच्या मुलानं कॅटलॉगची पानं इतक्या भराभर उलटली की मला फक्त 'ब्लॅकआउट' एवढाच शब्द ऐकू आला. जूनमध्ये लेकीच्या दहावीच्या क्लासची फी आहे. परतताना रिक्षातच ठरवलं, पडदे घरी शिवायचे आणि दोन हजारांच्या वर एक रुपया घालायचा नाही. मग रिक्षाचे साठ रुपये यात धरायचे की नाहीत, असा प्रश्न पडला. दिवसभर पतसंस्थेत दुसऱ्यांची रोजकीर्द लिहिणाऱ्या बाईला असले प्रश्न पडतात. साठ रुपये तूर्त बाजूला ठेवलेत.

रात्री अण्णांना सांगितलं. अण्णा इथल्या, कोल्हापूरच्या शाहू मिलमध्ये विणाई खात्यात होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केलेली मिल, आणि अण्णांच्या बोलण्यात अजून रोज एकदा तरी तिचा भोंगा वाजतोच. म्हणाले, "दुकानात कशाला? इचलकरंजीला जाऊ. मांजरपाट आणू." मांजरपाट म्हणजे साधं, जाडंभरडं सुती कापड. उद्याच निघायला तयार होते. पण आज चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा. स्टँडवर गुलालानं माखलेली माणसं आणि सगळ्या गाड्या डोंगराकडे. उद्या परतीची गर्दी, सोमवारी आंबेडकर जयंती. मंगळवार ठरला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

मंगळवार, १५ एप्रिल

एसटीत अण्णा पंचाहत्तरीच्या पुढचे म्हणून फुकट, मी बाई म्हणून निम्म्यात. दोघं मिळून अर्ध्या तिकिटात इचलकरंजीला गेलो, याचा अण्णांना कापडापेक्षा जास्त आनंद.

गावात शिरल्यावर गल्लीगल्लीतून मागांची खटखट. अण्णा एका दाराशी थांबलेच. आतला माणूस बघायला लागला तशी मी त्यांना ओढून नेलं. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला. ही गोष्ट अण्णा अशी सांगतात की वाटावं हे स्वतः तो माग उतरवून घ्यायला हजर होते.

दुकानात मी रंगीत कापडांकडे बघत होते, अण्णांनी सरळ कोरं मागितलं. कोरं म्हणजे मागावरून उतरलेलं, ब्लीच न केलेलं. सायीसारखा रंग आणि त्यावर सरकीचे बारीक तपकिरी ठिपके. मला ते ठिपके डाग वाटले होते. अण्णांनी कापडाचा पदर अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला, उजेडाकडे धरला, मग काठाचा एक धागा ओढून काढला आणि दुकानदाराकडे काडेपेटी मागितली. दुकानदारानंही काही न विचारता दिली, म्हणजे असे म्हातारे रोज येत असावेत. धागा कागदासारखा जळाला, राख चिमटीत चुरली. "पॉलिस्टर असतं तर वितळून टोकाला मणी झाला असता. निव्वळ सूत हाय."

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, त्रेसष्ट इंच. पंच्याऐंशी रुपये मीटर. मी माप काढून नेलं होतं. खिडकी पाच फूट रुंद, चार फूट उंच. कडेनं ऊन डोकावू नये म्हणून रॉड दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त, म्हणजे सहा फूट. वर सहा आणि खाली सहा इंच जास्त धरून पडद्याची तयार उंची साठ इंच. वरची दुमड तीन, खालची पाच. एकूण अडुसष्ट. एका खिडकीला दोन पाखं, म्हणजे पडद्याचे दोन भाग, घेतली की रुंदी एकशे सव्वीस इंच होते, रॉडच्या पावणेदोन पट. तेवढ्या चुण्या बऱ्या दिसतात. दीडपटीच्या खाली गेलं की पडदा न वाटता चादर टांगल्यासारखं दिसतं. चार पाखांना दोनशे बहात्तर इंच, म्हणजे सात मीटरला किंचित कमी.

"सात द्या," मी म्हटलं.

"आठ द्या," अण्णा म्हणाले.

मला एक मीटरचे पंच्याऐंशी रुपये टोचले. पण दुकानात सासऱ्यांशी वाद कुठं घालायचा. दुकानदारानं काठाला कात्रीचा एक चावा दिला आणि कापड टर्रकन फाडलं. सुती कापड फाडलं की आडव्या धाग्याबरोबरच फाटतं, म्हणून कात्रीपेक्षा सरळ. येताना मिसळ आणि रस. दोनशे रुपये. हे कापडाच्या खात्यात टाकावेत का, हा दुसरा प्रश्न.

गुरुवार, १७ एप्रिल

अण्णांचा एकच नियम. धुतल्याशिवाय कात्री लावायची न्हाई.

रात्री बादलीत भिजत घातलं होतं. सकाळी पाणी पिवळट, बुळबुळीत, आणि न्हाणीघरात आंबलेल्या पेजेसारखा वास. ती खळ. मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांना सतत झटके बसतात, ते तुटू नयेत म्हणून विणण्याआधी त्यांना खळ पाजतात. ती धुऊन गेल्यावर कापड मऊ पडतं आणि आटतं. मागावर ताणून धरलेलं सूत शेवटी सैल सुटतं, असं अण्णांचं म्हणणं. तीनदा पाणी बदललं. ओलं आठ मीटर सूत पिळायला दोघीजणी लागतात. लेकीला परीक्षेच्या अभ्यासातून उठवलं, ती आनंदानं उठली.

गच्चीवर घातलं आणि चारच्या सुमाराला वळीव आला. मी ऑफिसात. सासूबाईंना जिने चढवत नाहीत, अण्णा झोपलेले. कापड चौथ्यांदा धुऊन निघालं.

संध्याकाळी मोजलं. सात मीटर त्रेपन्न सेंटिमीटर. सात घेतलं असतं तर साडेसहा उरलं असतं आणि चौथं पाख कमरेपर्यंत आलं असतं. अण्णांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. फक्त टेप कापडावर तसाच ठेवून चहा करायला गेले. परत आले तेव्हा ते टेपकडे बघून हसत होते.

रविवार, २० एप्रिल

अस्तराचा प्रश्न सासूबाईंकडे नेला. जुन्या साड्या निघाल्या तर अस्तर फुकटात. साडी साडेपाच मीटर, तिचे साठ-साठ इंचांचे तीन तुकडे पडतात, आणि तीन तुकडे एकमेकांना जोडले की दोन पाखांना पुरतात. एका साडीत एक खिडकी. असा हिशोब जमला की मला जेवण जात नाही इतका आनंद होतो.

सासूबाईंनी ट्रंक उघडली. पहिली इरकली, हात फिरवून पुन्हा आत. "ही नको, ही तुझ्या नणंदेच्या बारशाची." दुसरी, काठ विरलेला, पण "ही अंगाला गार लागती". तिसरी फाटलीच होती, तरी ती गोधडीसाठी राखलेली. तासभर साड्या बाहेर आल्या आणि आत गेल्या. शेवटी तळातून दोन सिंथेटिक साड्या निघाल्या, एक डाळिंबी, एक मोरपंखी. घडी मोडलेली नाही.

"ह्या घे. ह्या मी कधी नेसलेच नाही."

मी बघितलं. दोन्ही माझ्या माहेरच्या आहेराच्या. एक आमच्या लग्नातली, दुसरी लेकीच्या बारशाची. मी "बरं" म्हटलं. आणखी काय म्हणणार? तशाही उन्हाला सिंथेटिक चांगलं टिकतं, विरलेली सुती साडी खिडकीत दोन उन्हाळ्यांत जाळी झाली असती. हे मी स्वतःलाच दोनदा समजावलं.

माहेरहून आलेलं पायमशीन गेली नऊ वर्षं आमच्याकडे टेबल आहे. वरच्या कुंड्या उतरवल्या, तेल सोडलं. चामड्याची वादी सैल पडून चाकावरून घसरत होती. तिचा अर्धा इंच कापला, तार पुन्हा ओवून वाकवली. पहिली दहा मिनिटं खालच्या बाजूला दोऱ्याचा नुसता गुंता. मी बॉबिन चार वेळा काढून घातली. मग आई सांगायची ते आठवलं, गुंता खाली दिसला तरी चूक वरच्या दोऱ्याची असते. वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमधून गेलाच नव्हता. सोळा नंबरची सुई घातली आणि मशीन चालू लागलं.

कापताना एक करून बघितलं. काठाजवळून एक आडवा धागा हळूहळू ओढून काढायचा, कापडावर बारीक रेघ उमटते, त्या रेघेवर कात्री चालवायची. खडूनं आखण्यापेक्षा वेळ लागतो, पण चारही पाखं काटकोनात आली.

मंगळवार, २२ एप्रिल

आजचा दिवस लिहू नये असाच.

रिंगा, हूक वगैरे खर्च नको म्हणून पडद्याला वर नेफा करायचं ठरवलं होतं, परकराला असतो तसा. रॉड एक इंच जाडीचा, म्हणून नेफा दीड इंच. चांगला अर्धा इंच मोकळा. रात्री साडेदहापर्यंत चारही पाखांचे नेफे अस्तरासकट मारले, दुहेरी शिवण. नवऱ्याला हौसेनं हाक मारली, पाइप घेऊन ये. पाइपचं टोकही आत जाईना. त्यानं साबण लावून बघू का विचारलं.

लेक नववीच्या गणिताचा पेपर देऊन आलेली. तिनं वहीवर लिहून दाखवलं. एक इंच व्यासाच्या पाइपचा घेर तीन पूर्णांक चौदा शतांश इंच. दीड इंचाचा नेफा उघडला की आतला घेर फक्त तीन इंच. "आई, पाय लागतो यात." मी मशीनचं पायदान बघायला लागले. मग कळलं, ती कुठल्या पायबद्दल बोलतेय.

चार नेफे, दुहेरी शिवण, एकूण कितीतरी फूट टाके. सगळं उसवायचं. ब्लेडनं उसवताना डाळिंबी साडीला एक कापा गेला. सासूबाईंना सांगितलं नाही. आईलाही फोनवर सांगितलं नाही, पण तिला तर त्या साड्यांचं काय झालं हेच सांगितलेलं नाही.

शनिवार, २६ एप्रिल

नेफा आता सव्वादोन इंच. त्यात पडद्याची उंची पाऊण इंचानं गेली, तीच खालच्या दुमडीतून काढली. पाइप सुळकन गेला.

भिंतीला मात्र आमचं ड्रिल लागेना. खिडकीच्या वर काँक्रीटची लिंटल असते, साध्या ड्रिलनं तिच्यावर नुसता पांढरा ठिपका पडतो. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन हॅमर मशीन घेऊन आला, चार मिनिटांत भोकं पाडली, तीनशे रुपये घेतले. भोकाला पंच्याहत्तर. मी अकरा तास शिवत होते, असं त्याला सांगावंसं वाटलं.

खालची दुमड अजून शिवलेली नाही, टाचण्या लावून सोडलीय. टांगल्यावर कापड स्वतःच्या वजनानं थोडं उतरतं, तेव्हा दोन-तीन दिवस लोंबकळू द्यायचं आणि मग खालची रेघ धरायची. अस्तर इंचभर आखूड ठेवून खाली मोकळं सोडणार, पडद्याला जोडून शिवलं तर दोन कापडं दोन दिशांना ओढतात आणि झोळ येतो.

बुधवार, ३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आमरस झाला, जेवणं झाली. दुपारी दुमडी मारून टाकल्या. हॉलचं डावं पाख अर्धा इंच खाली आहे. आत आल्याआल्या ते मलाच दिसतं, बाकी कुणाला नाही. अण्णांना दिसलं असेल, ते बोलत नाहीत.

हिशोब. कापड ६८०, पाइप आणि ब्रॅकेट ६४०, रिळं-सुया-तेल १३०, एसटी ५०, मिसळ आणि रस २००, भोकं ३००. बरोबर २०००. रिक्षाचे साठ धरले तर बजेट फुटतं. ते किरकोळ खात्यात टाकलेत. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी खूण करून परत पाठवलं असतं.

खोली गार झाली का, तर फारशी नाही. ऊन काचेतून आत आल्यावर मग आपण त्याला अडवतोय. लोक वाळ्याचे पडदे खिडकीच्या बाहेरून लावायचे ते उगाच नाही. पण पलंगावरचा तो पांढरा चौकोन गेला, एवढं खरं.

खालच्या मजल्यावरच्या काकू हळदीकुंकवाला आल्या, पडद्याला हात लावून बघितला, आणि त्यांच्या तीन खिडक्यांची मापं माझ्याकडे तोंडी ठेवून गेल्या. मी म्हटलं, कापड आधी धुऊन आणा.

चार वाजता सासूबाईंच्या खोलीत डोकावले. ऊन कोऱ्या कापडावर मागून पडलं होतं, डाळिंबी साडी आतून पेटल्यासारखी. पलंग, भिंत, सासूबाईंचे पांढरे केस, सगळ्यावर तो रंग. ब्लेडचा कापा मात्र उजेडाच्या रेघेसारखा लख्ख दिसत होता, बरोबर त्यांच्या नजरेसमोर. त्या उशी न हलवता पडून होत्या आणि तिकडेच बघत होत्या.

"तुझ्या आईची निवड काय वाईट नव्हती गं," त्या म्हणाल्या. "नेसायला हवी होती एकदा."