आठ जणांचा केक तीस जणांना पुरवताना

तीस जणांसाठी केक करायचा होता. हाताशी असलेली कृती आठ जणांची, २० सेंटीमीटर व्यासाच्या गोल टिनची. मैदा २०० ग्रॅम, साखर तेवढीच, लोणी तेवढंच, चार अंडी, ६० मिली दूध, ८ ग्रॅम बेकिंग पावडर. तीस भागिले आठ, म्हणजे ३.७५ पट. अंदाजे चौपट करण्याचा सल्ला मिळाला, पण मला तो पटला नाही. केक एकदा ओव्हनमध्ये गेला की त्यात काही कमी-जास्त करता येत नाही. जे काय करायचं ते आधीच, कागदावर.

कृती ग्रॅममध्ये होती हे फार बरं झालं. कपाने मोजलं तर तोच कप मैदा हलक्या हाताने भरल्यावर १२० ग्रॅम भरतो आणि दाबून भरल्यावर १५०. मोठं प्रमाण करताना हा फरकही तितक्याच पटीने वाढत जातो.

अडचण अंड्यांची असते, कारण अर्धं-पाऊण अंडं फोडता येत नाही. टरफल सोडून एका अंड्याचं वजन साधारण ५० ग्रॅम, म्हणजे चार अंडी २०० ग्रॅम. हे लिहिलं आणि सगळी कृतीच उलगडली: मैदा, साखर, लोणी, अंडी चारही समान, १:१:१:१. ज्या कृतीत असं सोपं गुणोत्तर सापडतं ती कितीही वाढवा किंवा कमी करा, मला तिची भीती वाटत नाही. इथे तर ४ गुणिले ३.७५ बरोबर १५ अंडी आली. मैदा, साखर, लोणी प्रत्येकी ७५० ग्रॅम, दूध २२५ मिली, बेकिंग पावडर ३० ग्रॅम.

मग टिन. इथे माणसांची संख्या बाजूला ठेवून क्षेत्रफळ धरावं लागतं. २० सेंटीमीटरच्या गोल टिनचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटीमीटर. माझ्याकडचा आयताकृती टिन ३० बाय ४०, म्हणजे १२००. भागाकार ३.८२. हा आकडा पाहून मला मनापासून आनंद झाला, कारण ३.७५ पट मिश्रण त्यात जवळजवळ मूळ केकइतक्याच उंचीने बसणार होतं. गोल टिन वापरणाऱ्यांनी व्यासाचा वर्ग करायला विसरू नये. २० ऐवजी ३० सेंटीमीटरचा टिन दीडपट दिसतो, पण त्यात सव्वादोनपट मिश्रण लागतं.

हाच नियम उलटा लावून आधी नमुन्याचा केक केला. १० सेंटीमीटरचा टिन, व्यास निम्मा म्हणून क्षेत्रफळ पाव: एक अंडं, ५०-५० ग्रॅम बाकीचं, १५ मिली दूध, २ ग्रॅम बेकिंग पावडर. साखर पुरेशी आहे ना, हे एका अंड्याच्या खर्चात कळलं. दोन ग्रॅमसाठी मात्र बारीक मोजणारा काटा हवा.

प्रत्यक्ष दिवशी सव्वातीन किलोच्या आसपास मिश्रण एका भांड्यात फेटणं शक्यच नव्हतं. दोन घाणे केले असते तर साडेसात अंडी आली असती, म्हणून तीन केले, प्रत्येकी १.२५ पट: पाच अंडी, २५० ग्रॅमचे तीन जिन्नस, ७५ मिली दूध, १० ग्रॅम बेकिंग पावडर. तिन्ही घाण्यांचे कोरडे जिन्नस आधीच वजन करून वेगळे ठेवले होते, त्यामुळे एक टिनमध्ये ओतेपर्यंत पुढचा फेटून तयार व्हायचा. बेकिंग पावडर ओली झाली की काम करू लागते, म्हणून इथे रेंगाळून चालत नाही.

वेळेला मात्र पट लावायची नाही. केक किती वेळात भाजला जाईल हे मुख्यतः त्याच्या जाडीवर ठरतं, आणि जाडी तर आपण तेवढीच ठेवलेली. टिन रुंद असल्याने मधला भाग कडांपासून लांब पडतो, म्हणून थोडा जास्त वेळ धरायचा, इतकंच. मी मूळ वेळ संपल्यावर मधोमध सुरी घालून पाहायला सुरुवात केली, ती स्वच्छ निघाली तेव्हा टिन बाहेर काढला.

आता ही कृती माझ्या वहीत मैद्याच्या शेकड्यात लिहिली आहे: मैदा, साखर, लोणी, अंडी १००, दूध ३०, बेकिंग पावडर ४. बारा जणांसाठी हवा असेल तर मैदा ३०० ग्रॅम धरायचा, अंडी सहा, आणि टिन २५ सेंटीमीटरचा गोल.