अखेर गाडीला पेट्या चढल्या!

आजचा अख्खा दिवस रत्नागिरीच्या घरी, पडवीत गेला. माझ्या हिमालयन मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी रॅक आणि सामानाच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या बसवल्या. शेजारचे काका पाना घेऊन आपणहून आले. "आधी सगळे बोल्ट नुसते हाताने लाव, आवळायचं शेवटी," हे त्यांनी सुरुवातीलाच बजावलं. अगदी खरं! एक बाजू आधी आवळली की दुसरीकडचं भोक जुळतच नाही.

आपल्याकडे खरा वैरी खारा वारा. साध्या बोल्टला एका पावसाळ्यात तांबेरा चढतो, म्हणून खाऱ्या हवेत जास्त टिकणारे, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे आणले. पण स्टेनलेस थेट ॲल्युमिनियमला टेकलं आणि मध्ये खारं पाणी शिरलं, की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी धरते. प्रत्येक बोल्टखाली नायलॉनचा वॉशर घातलाय. वेळ गेला, पण ही मेहनत मला फार महत्त्वाची वाटते.

सायलेन्सरच्या बाजूची पेटी जरा जास्त बाहेर येते. जयगडच्या फेरीबोटीत गाडी लावताना ते ध्यानात ठेवायला हवं. जड सामान खाली, दोन्हीकडे सारखं.

उद्या आरे-वारेमार्गे गणपतीपुळे. परत आलो की सगळे बोल्ट पुन्हा तपासणार. कुणी येतंय का सोबत?